कारिझो गॉर्जची बंद लाइन: तेव्हा स्पीडरवरून, आता पायी

सॅन डिएगोहून आठ नंबरच्या हायवेने पूर्वेला सव्वा-दीड तास गेलं की हकुंबा नावाचं छोटंसं गाव लागतं. दक्षिणेला हाकेच्या अंतरावर मेक्सिकोची हद्द आणि उत्तरेला कारिझो गॉर्ज ही उघडीबोडकी घळ. या घळीतली रेल्वे नव्वदच्या दशकात बंद पडून होती. तेव्हा ऑफिसातल्या एका मित्राच्या स्पीडरवर बसून ती बघायचा योग आला. हल्ली तिथल्या लाकडी पुलाचे फोटो फिरत असतात आणि ओळखीतलं कुणी ना कुणी 'कसं जायचं' विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्पीडर म्हणजे काय ते. आपल्याकडे रुळांची देखभाल बघणारे पी.डब्ल्यू.आय. साहेब छत्रीखाली ऐटीत बसलेले आणि ट्रॉलीमन रुळावरून पळत ट्रॉली ढकलताहेत, हे दृश्य घाटात कुणीही पाहिलेलं असेल. त्याच ट्रॉलीला इंजिन बसवा, झाला स्पीडर. अमेरिकेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची माणसं आणि हत्यारं कामावर न्यायला तो वापरत. मिनेसोटातल्या फेअरमाँट कंपनीचे स्पीडर सगळ्यांत जास्त दिसायचे. पुढे रस्त्यावर आणि रुळावर, दोन्हीकडे चालणारे ट्रक आले, रेल्वे कंपन्यांनी स्पीडर काढून टाकले आणि हौशी मंडळींनी ते उचलून गॅरेजात नेऊन उभे केले.

मित्राचा स्पीडर एका सिलिंडरचा, टू-स्ट्रोक. गिअर नाहीच. दांडा ओढला की पट्टा ताणला जातो आणि चाकं फिरू लागतात. सोडला की पट्टा सैल. रिव्हर्सची गंमत अशी, की इंजिन अगदी मरायला टेकलं की ठिणगीची वेळ बदलायची, मग तेच इंजिन उलटं फिरायला लागतं. हे मित्राला एका झटक्यात जमायचं. माझ्या हातून इंजिन नुसतंच बंद पडायचं. ब्रेक म्हणजे हाताने ओढायचा लांब दांडा. इंजिनावरच्या पेटीच्या दोन्ही अंगांना लाकडी बाक, त्यावर पाय बाहेर काढून बसायचं. स्प्रिंगचा मामलाच नाही, त्यामुळे रुळाचा प्रत्येक सांधा मणक्यात मोजला जातो.

लाइनचा इतिहास थोडक्यात सांगायलाच हवा, कारण घळीत जे दिसतं ते त्याशिवाय कळत नाही. साखरसम्राटाचा मुलगा जॉन डी. स्प्रेकल्स याने 1907 मध्ये काम सुरू केलं आणि शेवटचा सोन्याचा खिळा पडला 15 नोव्हेंबर 1919 ला. मधल्या काळात मेक्सिकोतली क्रांती (लाइनचा एक तुकडा मेक्सिकोतून जातो), पहिलं महायुद्ध आणि 1916 चा पूर. हा पूर म्हणजे वेगळीच कथा. मोरेना धरण भरावं म्हणून सॅन डिएगो शहराने चार्ल्स हॅटफिल्ड नावाच्या पाऊस पाडणाऱ्याशी दहा हजार डॉलरचा सौदा केला आणि मग असा पाऊस कोसळला की दुसरंच एक धरण, लोअर ओटे, फुटलं आणि रूळ वाहून गेले. पैसे त्याला शेवटपर्यंत मिळाले नाहीत. लोकांनी रेल्वेला 'इम्पॉसिबल रेलरोड' म्हणायला सुरुवात केली ती उगाच नव्हे.

आमची मंडळी सकाळी हकुंब्याहून निघाली. चार-पाच स्पीडर, एकमेकांत भरपूर अंतर ठेवून, परवानगीचा कागद पुढच्याच्या खिशात. चाकांना इन्सुलेशन असल्यामुळे रुळातली वीज चाकांतून जात नाही, म्हणून सिग्नलला स्पीडर दिसत नाही आणि फाटकही पडत नाही. म्हणून कुठेही रस्ता आडवा आला की थांबायचं, एकाने लाल झेंडा घेऊन उतरायचं, मोटारी थांबवायच्या आणि मगच पलीकडे जायचं. घळीत शिरल्यावर रस्ते संपले आणि दगड सुरू झाले.

इथे वेग दहा मैलांच्या वर कुणी नेत नव्हतं, आणि लाइन का बंद पडली हे त्या वेगातच समजतं. डोंगराच्या कुशीत कोरलेली अरुंद पायरी, तिच्यावर एक रूळजोडी, वर सुटा गोटा, खाली शेकडो फूट उतार. प्रत्येक वळणापाशी नारळाएवढे दगड रुळात पडलेले. उतरायचं, पहारीने ढकलायचे, पुढे जायचं. एके ठिकाणी खालची खडीच वाहून गेली होती आणि दोन-तीन स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) रुळाला नुसतेच लटकत होते. तिथे सगळे उतरले आणि रिकामे स्पीडर एकेक करून हाताने पलीकडे नेले. 1976 च्या कॅथलीन वादळाने ही लाइन बऱ्याच ठिकाणी अशीच उचकटली. दुरुस्ती झाली, गाड्या पुन्हा धावल्या, मग 1983 मध्ये आगीने पूल जळाले आणि ती परत बंद. 2004 च्या सुमारास एका कंपनीने मालगाड्या पुन्हा सुरू केल्या, त्याही काही वर्षांत थांबल्या.

बोगद्यांत आतून लाकडी आधार. इंजिनाचा फटफटाट भिंतींवर आपटून असा परत यायचा की शेजारच्याशी बोलायचं तर खांदा ओढायला लागे. बाहेर पडल्यावर डोळे दिपायचे, आणि तशाच एका वळणानंतर गोट कॅनियनचा पूल समोर येतो. उंची 186 फूट, सगळा लाकडाचा. 1932 मध्ये पंधरा नंबरचा बोगदा ढासळला तेव्हा त्याला वळसा घालायला तो बांधला. लोखंड का नाही? वाळवंटातल्या दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने लोखंडाला थकवा येईल म्हणून रेडवूडचं लाकूड. आणि पूल सरळ नाही, घळीतल्या वाऱ्याला तोंड द्यायला मुद्दाम वळणावर बांधलेला. बोल्ट, वॉशर, लाकडाला पडलेल्या उभ्या चिरा जवळून बघितल्या की बांधणाऱ्यांबद्दल आदर वाटतो. खाली बघू नका वगैरे मी सांगणार नाही. मी बघितलं, आणि बाकाची कड घट्ट धरली.

परतीला सगळा चढ. पट्टा घसरतो, इंजिन तापतं, पेट्रोल जास्त लागतं. मंडळींनी जादा डबा आणि जादा पट्टा आणला होता म्हणून अंधाराआधी पोहोचलो.

आता जाणाऱ्यांसाठी. बंद लाइन म्हणजे बेवारस लाइन नव्हे. या रुळांची मालकी सॅन डिएगोच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेकडे आहे, आणि रुळावरून चालत किंवा घरी बनवलेल्या रेल-सायकलीवरून जाणं हे अतिक्रमण ठरतं. डी अँझा स्प्रिंग्ज या रिसॉर्टच्या बाजूने रुळावरून चालत जाणारे पुष्कळ असतात. त्यांच्या मागे जाऊ नका. (तो रिसॉर्ट कपडे ऐच्छिक असलेला म्हणून ओळखला जायचा, आई-वडील इंडियाहून आलेले असतील तर आधी चौकशी करा.)

रीतसर रस्ता आन्झा-बोरेगो स्टेट पार्कातून, मोर्तेरो पाम्सपासून डोंगर चढून पलीकडे उतरायचा. अंतर नकाशावर किरकोळ वाटतं, जाऊन-येऊन सहाएक मैल, पण पायवाट अशी नाहीच. मोठमोठ्या धोंड्यांवरून हात टेकत जायचं. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेल्याला जमेल, सिंहगडाच्या रविवारवाल्याने विचार करावा. सुरुवातीपर्यंतचा कच्चा रस्ता सेडानचा नाही, उंच गाडी हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊ नका. माणशी चार लिटर पाणी कमीत कमी, वाटेत थेंब मिळत नाही. चोया निवडुंगाचे काटे बोटांनी काढायला गेलात तर बोटांत रुततात, कंगवा किंवा चिमटा ठेवा. फोनला रेंज धरून चालू नका, घरी वेळ सांगून निघा. पूल वरून दिसला की तिथूनच बघा. फोटोही तिथूनच चांगला येतो.

स्पीडरचीच हौस असेल तर नार्कोआ या स्पीडरवाल्या हौशी मंडळींच्या संघटनेच्या सहली असतात. चालवायला नियमांची परीक्षा आणि विमा लागतो, पण पाहुणा म्हणून कुणाच्या बाकावर जागा मिळू शकते; आधी ओळख काढा, जेवण तुमच्याकडून. आणि कानात बोळे. नुसतं या लाइनचं काही बघायचं असेल तर कॅम्पो गावातलं रेल्वे म्युझियम हायवे सोडून थोडं दक्षिणेला आहे. ते मुख्यतः शनिवार-रविवारी उघडं असतं, निघण्याआधी वेळ बघून घ्या.