लोणारच्या काठावर

आज आईला घेऊन लोणारला गेले. विवराच्या कडेवर उभं राहून तिला सगळं सांगितलं: आकाशातून आलेली उल्का, बेसॉल्टात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, खारं पाणी. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं होतं. मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, हे पुण्याच्या आघारकर संस्थेनं शोधून काढलं. मला या शोधांचं फार अप्रूप आहे, अगदी मनापासून.

खाली कमळजादेवीच्या देवळापाशी आई थांबली. देवीची ओटी भरली आणि पदराच्या टोकाची गाठ सोडून बाबांच्या घड्याळाचा तुटका पट्टा काढला. वर्षभर जपलेला. हातात धरून पाण्याकडे बघत राहिली, कितीतरी वेळ. मग म्हणाली, "ते इथं यायचं म्हणत होते गं."

मी तिचा हात धरला. क्षारांबद्दल अजून बरंच सांगायचं होतं. नाही सांगितलं.