बेल्ट आधी, मशीन नंतर

आमच्याकडे ‘लॉन’ म्हटलं की कोणाच्या डोळ्यापुढे गवत येत नाही, पंगत येते. "लग्न कुठं हाय?" "लॉनवर." एवढंच. त्या लॉनवर खरोखरचं गवत असतं आणि ते कोणाला तरी कापावं लागतं, हे वरातीतल्या एकालाही आठवत नाही. ते कापायचं काम गेली आठ वर्षं माझ्याकडे आहे.

दारव्ह्याच्या अलीकडे, शकुंतला रेल्वेच्या रुळापलीकडे आमचं तीन एकर वावर होतं. रस्ता रुंद झाला तशी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कपाशी मोडली आणि स्टेज, स्वयंपाकाचं शेड, गाड्यांची जागा असं करून लॉन काढलं. हे सगळं वजा जाता दोन एकर निव्वळ गवत उरतं. स्टेजपुढे नर्सरीतून आणलेलं सिलेक्शन वन जातीचं लॉनचं गवत, बाकी सगळी हराळी, कपाशीच्या काळापासून ठाण मांडून बसलेली. मामाजी म्हणतात, "जिंदगीभर हराळी खांदून काढली, आता तिलेच मोटार लावून पाणी पाजून रायलो."

या धंद्याची गंमत अशी, की गवत वाढतं तेव्हा लग्नं नसतात. मृग बरसला की तुळशीचं लग्न लागेपर्यंत गल्ला रिकामा, आणि गवत मात्र रोज बोटभर वर. कापलं नाही तर दसऱ्याला कमरेला लागतं, आणि साप कुठल्या रांगेतून निघेल याचा नेम नाही. आधी बाया लावून इळ्यानं कापून घ्यायचो. पण सोयाबीनच्या सोंगणीत बाया मिळत नाहीत, आणि लॉनवरच्या कामासाठी त्यांना वावरातून ओढणं बरंही दिसत नाही. मग खांद्यावरचा ब्रशकटर आणला. त्यानं धुरा, म्हणजे बांध, छान साफ होतो, पण लॉन कापलं की न्हाव्यानं अर्ध्यावर सोडलेलं डोकं वाटतं.

ढकलायच्या मशीनचा हिशोब मी एकदा वहीत मांडला होता. एकवीस इंची पातं, दोन ओळी एकमेकींवर थोड्या चढवल्या की हाती ४८ सेंटीमीटर पट्टा लागतो. दोन एकर म्हणजे ८,०९४ चौरस मीटर. म्हणजे एका कापणीला जवळपास १७ किलोमीटर चाल, तीही ऑगस्टच्या उकाड्यात, काळ्या जमिनीवर, चप्पल दर चार पावलांना चिखलात रुतत. आमच्या सालदारभाऊनं वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, इतकं तर मी पोहऱ्याच्या यात्रेले पण चालत नाई गेलो."

म्हणून बसून चालवायची मशीन. पहिली घेतली ती जुनी, नागपुरातून, एका बंद पडणाऱ्या रिसॉर्टच्या सामानातली. रंग चकचकीत, इंजिन एका किकेत... चुकले, एका चावीत चालू. आम्ही इंजिनावर भाळलो. टेम्पोत घालून आणली, नारळ फोडला, आणि दीड हंगाम ती खरंच राणीसारखी चालली.

मग एका श्रावणसोमवारी पात्यांचा बेल्ट तुटला. मला वाटलं, बेल्टच तर आहे. पिठाच्या गिरणीला असतो तसाच काळा, व्ही आकाराचा. यवतमाळच्या दुकानदारानं तुटका तुकडा फुटपट्टीवर ठेवला, तेरा मिलिमीटर निघाला, म्हणाला हा ए सेक्शन, कितीही घ्या. लांबी सुतळीनं मोजून आणली होती, तीही जुळली. सालदारभाऊंनी तो चढवला. मी पोर्चमधून बघत होते. पहिल्या चार ओळी सुरेख. मग जळक्या टायरसारखा वास आला आणि मशीनखालून धूर. चाळीस मिनिटांत नवा बेल्ट काचेसारखा गुळगुळीत होऊन कडेनं उसवला होता.

कारण पुढे एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं मला खाली बसून, पालथ्या डेकवर, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणावर, बोट फिरवून दाखवलं. गिरणीचा बेल्ट फक्त आतल्या बाजूनं पुलीत बसतो आणि एकदा चालू झाला की एका चालीनं फिरतो. इथे तसं नाही. दोन पात्यांच्या पुल्यांना वळसा घालताना बेल्टची पाठही एका सपाट चाकावरून घासत जाते. शिवाय पाती चालू करायचा खटका ओढला की बेल्ट आधी घसरतो, मग पकड घेतो, म्हणजे तोच क्लचचं काम करतो. त्यासाठी वरून पूर्ण कापड गुंडाळलेला आणि आत मजबूत धागा असलेला बेल्ट लागतो. नुसती रुंदी आणि लांबी जुळून काही होत नाही. आमच्या मशीनचा तसा बेल्ट बाहेरदेशातून यायचा होता. तो आला सात आठवड्यांनी. तोवर गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं आणि नवरात्रात एका नवरीकडची माणसं जागा पाहून, चहा न घेता परत गेली. बुकिंग गेलं.

त्यानंतर दुसरी मशीन घ्यायला निघाले तेव्हा मी उलटीकडून सुरुवात केली. नागपूरच्या शोरूममध्ये विक्रीवाला पोरगा माझ्या नवऱ्याकडे बघून हॉर्सपॉवर सांगत होता. मी म्हटलं, दादा, ते राहू द्या, हिचा पात्याचा बेल्ट आत्ता काउंटरवर ठेवा, पैसे देते. एका दुकानात "मागवून देऊ" म्हणाले. तिथून आम्ही उठलो. दुसरीकडे आतून माणूस दोन बेल्ट, एक पात्यांची जोडी आणि एक स्पिंडल घेऊन आला. स्पिंडल म्हणजे पातं ज्या दांड्यावर फिरतं तो, बेअरिंगसकट. तिथे मी खुर्ची ओढून बसले.

मग डेक. बेचाळीस इंची, म्हणजे १०७ सेंटीमीटर. आमची दोन झाडांमधली सगळ्यात अरुंद फट मी टेपनं मोजून नेली होती, साडेचार फूट. गवत फेकायचं बाजूचं तोंड धरलं की पन्नास इंची डेक त्यातून जात नाही, म्हणून ती आपोआप बाद. बेचाळीसात एकराला सव्वा तास लागतो, वळणं धरून. दोन एकर सकाळच्या गारव्यात आटोपतं. पत्रा बोटानं वाजवून पाहिला. नवऱ्याला लाज वाटली, पण पत्रा वाजवून घ्यायचं मी माठ घेताना शिकले आहे.

गियरची की पायानं वेग बदलणारी, यावर घरात दोन दिवस वाद झाला. गियरची स्वस्त, आणि सालदारभाऊंना ट्रॅक्टरमुळे सवयीची. पण आमचं गवत एकसारखं नाही. मंडपाच्या पाण्याजवळ दाट, रस्त्याकडे विरळ. दाट पट्ट्यात चाकांचा वेग कमी व्हावा पण पाती पूर्ण वेगानंच फिरावीत, तरच गवत कापलं जातं, नाहीतर चघळल्यासारखं होतं. पायाच्या, म्हणजे हायड्रोस्टॅटिक मशीनमध्ये ते नुसत्या पायानं होतं, गियरसाठी थांबावं लागत नाही. चाळीसेक हजार जास्त गेले. मला पश्चात्ताप नाही.

मशीन आल्यावरही पहिल्या महिन्यातच खणकन आवाज झाला. लग्न उरकल्यावर गवतात काय काय उरतं ते एकदा येऊन बघा: टाचण्या, सुतळी, द्रोण, नारळाच्या शेंड्या, वाजंत्र्यांचा एखादा नट. त्या दिवशी मंडपवाल्यांची एक लोखंडी खुंटी जमिनीत चार बोटं उभी राहिली होती. पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या वर फिरत असतं. खुंटी जागची हलली नाही, पातं मात्र केळीच्या पानासारखं वळलं, आणि एक गोटा उडून स्वयंपाकाच्या शेडच्या पत्र्याला भोक पाडून गेला. तेव्हापासून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोरं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ओळीनं फिरवतात आणि मंडपवाल्यांकडून खुंट्या मोजून घेतो. पातं बदललं वीस मिनिटांत, कारण ते कपाटात होतं.

पेट्रोलचं मात्र सांगून ठेवते. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. हिवाळ्यात गवताची वाढ थांबते, मशीन महिनाभर उभी राहते, आणि कार्बोरेटरमध्ये गाळ धरतो. म्हणून शेवटच्या कापणीला पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवतो. हे पुस्तिकेत बारीक अक्षरात होतं. पुस्तिका मी वाचली, घरात दुसऱ्या कोणी नाही.

अजून एक त्रास आहे, पण तो मशीनचा नाही. आमच्याकडे काही घरी अक्षता अजून ज्वारीच्या असतात. स्टेजपुढे पाणी रोजचं, त्यामुळे लग्नानंतर आठ दिवसांत सिलेक्शन वनमधून ज्वारीचे कोंब सरळ उभे राहतात, पाच-सहाशे तरी. मामाजींना ते कापवत नाहीत. "वाढू दे थोडी, कडबा होईन," म्हणतात.

मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतः मशीन चालवायचा हट्ट धरला. गुडघे गेलेत, पण बसून चालवायला गुडघे लागत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. बसवलं. या मशीनच्या सीटखाली एक बटण असतं. पाती फिरत असताना बसलेला माणूस उठला की इंजिन बंद. गावातल्या एका पोरानं मला ते वायर जोडून कायमचं चालू करून देतो म्हटलं होतं, मी हाकलून दिलं. तर मामाजी निघाले. चार ओळी झाल्या, आणि स्टेजजवळ ज्वारीशी पोचताच ते उठून उभे राहिले, मागे वळून कोंबांकडे बघत. मशीन गप्प. बसले, चालू केली, पुन्हा उठले. मशीन पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा त्यांनी चावी काढून खिशात टाकली आणि मला हाक मारली, "सूनबाई, हे तुह्यी मशीन लय शहाणी हाय, मले उठू देत नाई."

स्टेजपुढची ती पट्टी त्या दिवशी तशीच राहिली.