अँटेना गच्चीवर, खरखर घरातली

पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, गच्ची डोक्यावरच. तिथे शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकायला, 31 मीटर बँडसाठी, तारेचा डायपोल (मधोमध जोड असलेली दोन हातांची अँटेना) ताणला. लांबीचे सूत्र 143 भागिले वारंवारता: इथे 9.6 मेगाहर्ट्झ, म्हणजे जवळपास 15 मीटर. दोन्ही हात साडेसात-साडेसातचे. सिग्नल खाली आणायला डिशची उरलेली आरजी-6 केबल (कोअॅक्स: मधे तार, भोवती जाळी) होतीच. प्लग टेकसन रेडिओमध्ये खोचला आणि खरखर आधीपेक्षा वाढली!

कसोटीला 10000 किलोहर्ट्झ धरले. तिथे चीनचे बीपीएम हे वेळ सांगणारे केंद्र सेकंदासेकंदाचे ठोके देत असते. रेडिओ सेलवर ठेवून घराचा मेन स्विच बंद केला (आतून आई ओरडली, "अरे, फ्रिज!"). ठोके एकदम स्वच्छ. म्हणजे चोर घरातलेच: एलईडी दिवे, चार्जर, राउटरचा अडॅप्टर. पण गच्चीवरच्या तारेपर्यंत ते पोचले कसे? मेन चालू करून वर गेलो, डायपोलचे दोन्ही हात केबलपासून सोडवले. ठोके गेले, खरखर जशीच्या तशी. केबलच अँटेना झाली होती.

कोअॅक्सच्या जाळीच्या आतून सिग्नल खाली येतो, पण त्याच जाळीच्या बाहेरच्या अंगावरून घरातला कचरा वर चढतो, डायपोलच्या जोडापाशी आत शिरतो आणि सिग्नलसोबतच खाली उतरतो. फेराइट (चुंबकी सिरॅमिक) रिंगमधून केबलचे वेढे घेतले तर ही वाट बरीच अडते. माझ्याकडे मात्र माळ्यावर जुन्या टीव्हीची 300 ओहमची चपटी वायर पडून होती. तिच्या दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच चढतो, त्यामुळे रेडिओने दोन तारांमधला फरक घेतला की तो वजा होतो.

घाईत एक तार प्लगच्या टोकाला, दुसरी बॉडीला जोडली आणि दोन तारांचा तोल तिथेच बिघडवला. मग बुधवार पेठेतून 43 नंबरच्या मिश्रणाची फेराइट रिंग आणली. वायरकडे 12 वेढे, रेडिओकडे 5, दोन्ही गुंडाळ्या एकमेकींपासून अलग; या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून मुख्यतः तारांमधला फरकच पुढे जातो. डायपोलचा रोध (इम्पिडन्स) आणि वायरचे 300 ओहम यांची जुळणी नाही हे खरे, पण नुसते ऐकायला त्याने होणारी सिग्नलची घट चालते. या बँडवर रेडिओच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा आकाशातलाच गोंगाट जास्त असतो. तोल टिकावा म्हणून गॅलरीच्या लोखंडी ग्रिलपासून वायर लांब ठेवायला पीव्हीसी पाइपचे तुकडे लावले, अधूनमधून पीळ दिला. वीज कडाडू लागली की प्लग काढतो.

आता फ्रिज, दिवे, राउटर सगळे चालू ठेवून ठोके मोजता येतात. एक बारीक घुर्र उरली आहे. ती शेजारच्या इमारतीतून थेट डायपोललाच भिडत असावी.