तुम्ही विचारलंत म्हणून: तीस लाखांची खरबुजं

दर उन्हाळ्यात तोच फोटो मला येतो. खोक्यात दोन खरबुजं, खाली प्रश्न: "तुमच्या जपानात खरंच तीस लाखांना खरबुजं विकतात? वेड लागलंय का लोकांना?" मावशी विचारते, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात. मी साप्पोरोला राहते हे कळलं की अनोळखी माणसंही विचारतात. आता एकदाच नीट सांगते.

हो, खरं आहे. मे 2019 मध्ये साप्पोरोच्या घाऊक बाजारात, हंगामाच्या पहिल्या लिलावात, युबारी गावच्या दोन खरबुजांना 50 लाख येन, म्हणजे तेव्हाचे सुमारे तीस लाख रुपये, मिळाले. पहिली बोली शकुनाची आणि जाहिरातीची असते. एरवी तेच फळ काही हजार येनला मिळतं. पण फोटो पाहून लोक हसतात आणि युबारीचं नाव कुणाच्या लक्षातही राहत नाही, हे मला सोसत नाही.

युबारी कोळशाचं गाव. 1960 च्या सुमारास वस्ती लाखाच्या वर होती, आज सात हजारही नाही. 16 ऑक्टोबर 1981 ला तिथल्या एका खाणीत खोलवर गॅस उसळला, मग आग लागली. एकूण 93 माणसं गेली, त्यांत वाचवायला उतरलेलेही होते. आग विझेना. शेवटी खाणीत पाणी सोडायचं ठरलं, तेव्हा आत 59 जण होते. ते जिवंत आहेत की नाहीत, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. कंपनीचा प्रमुख त्यांच्या घरच्यांकडे संमती मागायला गेला. 23 ऑक्टोबरला भोंगा वाजला, गावाने हात जोडले आणि पाणी सोडलं गेलं. आमच्या इमारतीतल्या आजी तेव्हा तिथे राहत होत्या. त्यांच्या शेजारणीने हो म्हटलं होतं. आजी म्हणतात, "नंतर तिच्याकडे जायचं तर काय बोलायचं, हेच आम्हाला कळेना. म्हणून कुणी गेलंच नाही." ही गोष्ट त्या अजूनही मान खाली घालून सांगतात.

1990 मध्ये शेवटची खाण बंद झाली. पर्यटनासाठी कर्ज काढून जे जे उभारलं, ते अंगाशी आलं. 2007 मध्ये नगरपालिकेचं दिवाळं अधिकृत झालं, देणं सुमारे 3,530 कोटी येन. रुग्णालयाचा 19 खाटांचा दवाखाना झाला, पुढे गावात प्राथमिक शाळा एकच उरली. टिकलं ते हे खरबूज. मग त्याचाच चेहरा गावाने धारण केला: खरबुजाच्या डोक्याचं, दात विचकणारं अस्वल. आणखी एक बोधचिन्ह नवराबायकोचं, त्यांचं म्हणणं असं की पैसा नाही, पण प्रेम आहे.

पूर्वी मी वाद घालायचे की ज्या गावात असं घडलं, त्याने असल्या बाहुल्या का मिरवाव्यात. आता मीच मला विचारते, मग काय मिरवावं? भोंगा? राहणाऱ्यांना पोट आहे, मुलं आहेत. तरीही ते अस्वल मला आवडत नाही, आणि आवडायला हवं असंही वाटत नाही.

तुमच्या त्या फोटोच्या वर्षीचं आणखी थोडं. 31 मार्च 2019 ला युबारीची शेवटची रेल्वेगाडी धावली. एप्रिलमध्ये तिथल्या कोळसा संग्रहालयातल्या जुन्या बोगद्याला आग लागली, आणि ती विझवायलाही आत पाणीच भरावं लागलं. मग मे महिन्यात तो लिलाव झाला. त्या 50 लाखांच्या बोलीवर तिथल्या शेतकऱ्यांनी आनंद मानला असेल तर तो त्यांचा हक्क आहे, वेड नाही.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मी फक्त भाव विचारला होता." तिचंही चूक नाही. भाव विचारणाऱ्याला 59 माणसांचं ऐकवावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात कुणी विचारलं, तर मी पुन्हा हेच सांगेन.