पाच मिनिटांची गाडी, पहाटे पाचची रांग

सिंगापूरच्या उत्तर टोकाला वुडलँड्स आहे आणि खाडीपलीकडे मलेशियातलं जोहोर बारू. मध्ये 'शटल तेब्राऊ' नावाची गाडी धावते. प्रवास पाच मिनिटांचा. वुडलँड्सहून बसलात तर तिकीट ५ सिंगापूर डॉलर आणि जोहोरहून बसलात तर ५ मलेशियन रिंगिट. मी २०२५ मध्ये गेले तेव्हा एका डॉलरला तीनाच्या वर रिंगिट मिळत होते. म्हणजे त्याच रुळांवरून, त्याच डब्यात, जाताना येण्याच्या तिपटीहून जास्त पैसे. दोन्ही बाजूंच्या पगारांत किती फरक आहे हे तिकीट काढतानाच कळतं.

माझा भाचा वुडलँड्सला भाड्याने राहतो. मी त्याच्याकडे गेले होते ती खरं तर आराम करायला, पण त्याच्या ऑफिसमधली एक मुलगी रोज जोहोरहून कामाला येते म्हटल्यावर मला राहवेना. रोज दुसऱ्या देशातून? मी बदलापूरची. नोकरी फोर्टातल्या बँकेत केली आणि घर बदलापूरला घेतलं, कारण तिथलं परवडत होतं आणि लोकल होती. स्वस्त घर आणि महाग वेळ यांचा हिशेब मी अख्खी नोकरी मांडला. पण त्यात पासपोर्ट कधी लागला नव्हता.

"आत्या, शनिवार-रविवार अजिबात नको," भाच्याने बजावलं. "आणि तिकीट मिळालं तरच गाडी, नाहीतर बस." शनिवार-रविवारची तिकिटं विक्री सुरू झाली की पटापट उडतात. सिंगापूरचे लोक त्या दिवशी तिकडे केस कापायला, गाडी धुवायला, दातांची कामं करून घ्यायला आणि जेवायला जातात. आम्हाला आठवड्यातल्या मधल्या दिवसाचं तिकीट मिळालं, तेही जायचंच.

वुडलँड्सचं हे स्थानक म्हणजे स्थानक कमी आणि इमिग्रेशनचा हॉल जास्त. आधी सिंगापूरच्या बाजूने बाहेर पडायचं. तिथे शिक्का वगैरे काही नाही, मशीनपुढे उभं राहायचं आणि झालं. मग त्याच इमारतीत चार पावलांवर मलेशियाचे अधिकारी बसलेले. त्यांनी माझ्या पासपोर्टवर शिक्का मारला, आणि मी सिंगापूरच्या जमिनीवर उभी राहूनच मलेशियात दाखल झाले. नंतर गाडीत बसायचं आणि पलीकडे उतरून सरळ चालायला लागायचं.

या शिक्क्यावरून इथे बरंच रामायण झालंय. मलेशियाची रेल्वे पूर्वी थेट सिंगापूर शहरातल्या तांजोंग पागार स्थानकापर्यंत जायची आणि ती रेल्वेची जमीन मलेशियाकडे होती. १९९८ मध्ये सिंगापूरने आपलं इमिग्रेशन वुडलँड्सला हलवलं. मलेशियाने मात्र आपलं तांजोंग पागारलाच ठेवलं. त्यामुळे प्रवासी आधी मलेशियात 'प्रवेश' करायचा आणि मग अर्ध्याएक तासाने सिंगापूरमधून 'बाहेर' पडायचा! हा घोळ २०११ मध्ये संपला. ३० जूनच्या रात्री तांजोंग पागारहून शेवटची गाडी सुटली आणि ती जोहोरच्या सुलतानांनी स्वतः चालवत नेली. जमिनीची अदलाबदल झाली, आणि सिंगापूरभरच्या त्या जुन्या रेल्वेमार्गावर आता २४ किलोमीटरची पायवाट आहे. लोक सकाळी तिथे धावायला जातात.

गाडी हलली आणि कॉजवेवर आली. हा बांध एक किलोमीटरहून जरासा जास्त लांब. १९२३ मध्ये त्यावरून गाड्या सुरू झाल्या आणि १९२४ मध्ये रीतसर उद्‌घाटन झालं. १९४२ च्या जानेवारीत माघार घेताना ब्रिटिशांच्या बाजूने त्याचा एक भाग सुरुंगाने उडवला होता. आता त्यावर मोटारी, ट्रक, बस आणि मोटरसायकलींचा लोंढा आहे, शिवाय जोहोरचं पाणी सिंगापूरला नेणारे जाडजूड नळ. उजव्या हाताला जरा लांबवर नव्या पुलाचे करडे खांब पाण्यात उभे दिसले. मी मोबाईल काढून फोटो घेईपर्यंत जोहोर आलंसुद्धा.

ते खांब म्हणजे आरटीएस लिंक, सिंगापूर आणि जोहोर जोडणारी नवी रेल्वे. चारच किलोमीटरचा मार्ग. सिंगापूरचं वुडलँड्स नॉर्थ आणि जोहोरचं बुकित चगार ही दोनच स्थानकं, आणि तासाला एका दिशेने १०,००० माणसं नेण्याची क्षमता. २०२६ च्या अखेरीस सुरू करायचं ठरलंय. दोन्ही देशांनी करार केला जानेवारी २०१८ मध्ये. पुढे मलेशियात सरकार बदललं, खर्च फार आहे म्हणून काम थांबलं आणि जुलै २०२० मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी कॉजवेच्या मधोमध येऊन ते परत सुरू केलं. मधल्या काळात मलेशियाने आपला खर्च ४९३ कोटी रिंगिटांवरून ३१६ कोटींवर आणला. आधी सिंगापूर मेट्रोच्याच धर्तीच्या गाड्या आणि सिंगापुरातलीच कारशेड वापरायचं ठरत होतं, ते जाऊन स्वतंत्र हलकी गाडी आली आणि कारशेड जोहोरला गेली.

गंमत म्हणजे ही नवी गाडीही पाचच मिनिटं घेणार. मग वेगळं काय? एक म्हणजे गर्दीच्या वेळी चार मिनिटांच्या आत पुढची गाडी. आणि दुसरं, माझ्या मते खरं महत्त्वाचं, ते म्हणजे जिथे चढाल तिथेच दोन्ही देशांचं इमिग्रेशन उरकणार. आज ही सोय शटल तेब्राऊला जातानाच आहे. येताना जोहोरला मलेशियाची रांग आणि वुडलँड्सला उतरून पुन्हा सिंगापूरची. शेकडो कोटी रिंगिट ओतून खाडीवर २५ मीटर उंच पूल बांधला, पण त्यातून माणसाचा जो वेळ वाचणार आहे तो पुलापेक्षा टेबलं कुठे मांडली यानेच वाचणार आहे. आरटीएस सुरू झाल्यावर सहा महिन्यांत शटल तेब्राऊ बंद करायचं करारात ठरलंय.

जोहोर बारू सेंट्रलवर उतरून पादचारी पुलाने मॉलमध्ये शिरलो. पहिल्यांदा दिसतात ती पैसे बदलून देणारी दुकानं, एकाला लागून एक, आणि दारात भावाचे फलक. जालान तान हियोक नी या जुन्या गल्लीत एक बेकरी १९१९ पासूनची आहे, अजून लाकडाच्या भट्टीवर केळ्याचा केक भाजते. केक गरम मिळाला. काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं राजकालीअम्मन मंदिरही पाहिलं. ते छानच आहे, पण माझं लक्ष आकाशाकडे होतं. जिकडे पाहावं तिकडे टॉवर, आणि अर्ध्या फलकांवर गाडीचं चित्र. जी गाडी अजून धावत नाही तिचं!

एका मॉलमध्ये फ्लॅट विकणाऱ्याचा स्टॉल होता. आम्ही नुसते थबकलो तर त्या मुलाने खुर्च्या पुढे केल्या. बदलापूरकराला एजंटची भाषा कोणत्याही देशात कळते. "स्टेशन चालत इतकी मिनिटं, ऑर्चर्ड रोड इतकी मिनिटं, आणि मॅडम, गाडी सुरू झाली की हा भाव विसरा." मी विचारलं, चालत म्हणजे कुठून कुठे? टॉवरच्या फाटकापासून स्टेशनच्या फाटकापर्यंत की फलाटापर्यंत? इमिग्रेशन धरून? तो हसला आणि आम्हाला पाण्याच्या बाटल्या दिल्या. आमच्याकडेही मेट्रोचे खांब उभे राहायच्या आधी भाव उभे राहतात, तेव्हा त्याला काय नावं ठेवायची.

त्याच्याकडून आणि भाच्याकडून जे उमजलं ते असं. सिंगापूरमध्ये परदेशी माणसाला घर घ्यायचं तर २०२३ पासून किमतीवर ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. तिथले बहुतेक रहिवासी सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये राहतात, आणि त्या फ्लॅटमध्ये किमान पाच वर्षं राहिल्याशिवाय मालकाला दुसरं खासगी घर घेता येत नाही, परदेशातही नाही. जोहोरची अट वेगळी: परदेशी माणसाला साधारणपणे १० लाख रिंगिटांच्या खालचं घर घेताच येत नाही. म्हणजे स्थानिकांची स्वस्त घरं स्थानिकांसाठी राहावीत. कागदावर छान. पण बिल्डर काय करतो? त्या रेषेच्या वर बसतील असे टॉवर सीमेजवळ बांधतो. त्यातले बरेच सर्व्हिस्ड अपार्टमेंट या प्रकारातले, म्हणजे व्यापारी वापराच्या जमिनीवर, जिथे घरपट्टी आणि विजेचे दर चढे असू शकतात. न विकलेल्या घरांच्या मलेशियातल्या यादीत जोहोर वर्षानुवर्षं वरच राहिलंय. तरीही बुकित चगारच्या आसपास भाव चढलेले, आणि थोडं आत गेलं की रिकामे मजले. स्टॉलवरच्या मुलाने आत जाण्याचा विषयच काढला नाही.

गाडी नसली तर काय होतं तेही याच राज्यात दिसतं. सिंगापूरच्या पश्चिमेकडच्या दुसऱ्या पुलापलीकडे, समुद्रात भर घालून फॉरेस्ट सिटी उभारली, सात लाख लोकांसाठी म्हणून. राहायला आले त्याच्या मानाने फारच थोडे. आम्ही तिथे गेलो नाही, लांब पडतं. पण त्याचं नाव काढलं की टॅक्सीवाल्यापासून सगळे मान हलवतात.

रात्री आम्ही जोहोरलाच एका साध्या हॉटेलात राहिलो, कारण मला सकाळची रांग बघायची होती. भाच्याच्या ऑफिसमधली ती मुलगी पहाटे पाचला इमिग्रेशनच्या इमारतीखाली भेटली. तमीळ कुटुंबातली, जन्म जोहोरचा. मला "आंटी" म्हणून हाताला धरलं आणि म्हणाली, "आंटी, पळायचं नाही, पण थांबायचंही नाही."

ती सकाळ मी विसरणार नाही. रोज तीन लाखांहून जास्त माणसं ही सीमा ओलांडतात असं वाचलं होतं. प्रत्यक्षात दिसतात ते पाय. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहणारं कोणी नाही, सगळेच चढतात. बॅग पोटाशी धरलेली, मोबाईलवर क्यूआर कोड आधीच उघडून ठेवलेला. एकाच्या डोक्यावर हेल्मेट तसंच, हनुवटीचा पट्टा सुटलेला. बाईक आज बिघडली म्हणून तो बसने निघाला होता, असं तिने सांगितलं. ती त्याला रोज बघते, त्याचं नाव मात्र तिला माहीत नाही. मलेशियातून बाहेर पडलो की खाली बसच्या रांगा. बसमध्ये बसलो, म्हणजे उभे राहिलो. कॉजवेवर खिडकीखालून मोटरसायकलींचे लाल दिवे एकमेकांना चिकटून पुढे सरकत होते. पलीकडे उतरायचं, सिंगापूरच्या मशीनपुढे उभं राहायचं, मग पुन्हा त्याच नंबरच्या बसची रांग. एक किलोमीटरचा बांध ओलांडून वुडलँड्सच्या मेट्रोपर्यंत पोचायला आम्हाला सव्वा तास लागला. "आज लवकर झालं," ती म्हणाली. सोमवारी आणि पाऊस असला की दोन तास.

ऑफिस उघडायला अजून वेळ होता. वुडलँड्सला कॉफी आणि पोळीसारखा रोटी प्राटा घेऊन बसलो. मी तिला सरळच विचारलं, गाडी सुरू झाली की तू सुटलीस ना?

तिने हिशेब मांडला. तिकीट ५ ते ७ सिंगापूर डॉलर असेल असं तेव्हा सांगितलं जात होतं. सहा धरले तरी रोजचे बारा, महिन्याच्या बावीस दिवसांचे २६४ डॉलर. बसच्या मानाने कितीतरी जास्त. तिला डॉलरमध्ये पगार आहे, बरा आहे, तिला जमेल. तिच्या शेजारचा कारखान्यात काम करणारा बाईक सोडणार नाही. पण तिचा प्रश्न तिकिटाचा नव्हताच. ती राहते तो फ्लॅट सीमेपासून चालत जाता येईल असा, आणि मालकाने नव्या करारात भाडं वाढवून मागितलंय, कारण गाडी येतेय. "गाडी मला रोजचा तास-दीड तास देणार, आंटी. आणि मालक म्हणतो तो त्याचा आहे."

ती आता सीमेपासून आत, तेब्राऊ नावाच्या भागाकडे घर बघते आहे. तिथून बुकित चगारपर्यंत यायला बस किंवा स्वतःची गाडी, आणि सकाळी जोहोरच्या आतल्या रस्त्यांवर जी कोंडी असते ती वेगळीच. कॉजवेवरची रांग ओसरली तर ती स्टेशनकडे येणाऱ्या रस्त्यावर लागेल, अशी तिची खात्री आहे. माझीही. बदलापूर स्टेशनबाहेर रिक्षासाठी ताटकळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

भाच्याला मी विचारलं, तू जाशील का रे तिकडे राहायला? भाड्यात निम्म्याहून जास्त वाचतील. तो म्हणाला, "गाडी सुरू होऊ दे, पहिला पाऊस पडू दे, मग बघू." बायकोचा मात्र ठाम नकार. मुलीची शाळा इकडे, आणि आजारपणात रात्री दोन वाजता पासपोर्ट शोधायचा नाही म्हणाली. हे कुठल्याच एजंटच्या पत्रकात नसतं.

जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. भारतीय पासपोर्टवर मलेशियाला मी गेले तेव्हा व्हिसा लागत नव्हता, पण ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. सिंगापूरचंही परत येताना पुन्हा. सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते आधी बघा, नाहीतर जोहोरलाच अडकाल. मोटारीने निघालात तर सिंगापूरची नोंदणी असलेल्या गाडीची टाकी तीन चतुर्थांश भरलेली लागते, पलीकडचं स्वस्त पेट्रोल भरून आणू नये म्हणून. आणि तो केळ्याचा केक सकाळीच घ्या, दुपारपर्यंत संपतो.