सर, गुडघा दुखतोय

परळच्या एका शाळेत मी २३ वर्षं पी.टी. शिकवतो. खो-खोचा संघ माझ्याकडे असतो. नरे पार्कच्या मातीत गुडघे फोडून घेतलेली पोरं किती झाली, याचा हिशेब नाही. ‘सर, गुडघा दुखतोय’ हे दिवसातून तीन-चारदा तरी कानावर येतं, आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं. स्प्रे मार, क्रेप बँडेज बांध, दोन दिवस बस.

२०१८ च्या ऑक्टोबरात हेच उत्तर मी एका १४ वर्षांच्या मुलाला दिलं. खांबावर सूर मारण्यात त्याच्यासारखा दुसरा कुणी आमच्या संघात नव्हता. त्या वर्षी तो भराभर उंच झाला होता. जूनमध्ये घेतलेली गणवेशाची पँट दिवाळीपर्यंत घोट्याच्या वर गेली होती. त्याची आई लालबागला पोळी-भाजी केंद्रात काम करते. ती म्हणाली, “वाढतं अंग आहे सर, हाडं ओढतात.” मी म्हणालो, “पडला असेल कुठे, सांगत नसेल.” दोघांनाही ते पटलं. आंतरशालेय स्पर्धा डिसेंबरात होती, ती होईपर्यंत पोरानंही तोंडातून शब्द काढला नाही. असे सात आठवडे गेले.

स्पर्धा संपली आणि दोन दिवसांनी आई शाळेत आली. “सर, रात्री दोन-दोन वाजता उठून बसतो. गुडघा दाबून धरतो. दिवसा विचारलं तर म्हणतो काही नाही.” मी त्याला बाकावर बसवून पाय पाहिला. सूज गुडघ्याच्या वाटीवर नव्हती, तिच्या वरच्या बाजूला, मांडीच्या हाडाच्या टोकाशी होती. मार लागलेल्या गुडघ्याची सूज मऊ असते, हे हाताला इतक्या वर्षांत कळलेलं आहे. ही टणक होती आणि गरम लागत होती. त्याच दिवशी एक्स-रे काढला. फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टर बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “आई बरोबर आलीय ना? आजच टाटाला जा.”

टाटा मेमोरियल आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. १९४१ पासून ते तिथं उभं आहे. बाहेर फुटपाथवर पथारी टाकलेली, हातात फायली धरलेली गावोगावची माणसं मी रोज पाहत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या रांगेत उभा राहिलो.

एक गोष्ट मला अजून टोचते. मुंबईत कॅन्सर संशोधनासाठीची टेरी फॉक्स रन होते. आमच्या पोरांना मी तिथं घेऊन गेलो आहे, आणि जाण्याआधी वर्गात त्याची गोष्टही सांगितली आहे. कॅनडाचा तो बास्केटबॉल खेळणारा मुलगा. गुडघा दुखत होता, पण मोसम संपेपर्यंत त्यानं अंगावर काढलं. १९७७ मध्ये, १८ व्या वर्षी, निदान झालं ते ऑस्टिओसार्कोमाचं, म्हणजे हाडाच्या कॅन्सरचं. उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १९८० मध्ये कृत्रिम पायानं तो १४३ दिवस धावला आणि १९८१ मध्ये २२ व्या वर्षी गेला. जिद्दीची गोष्ट म्हणून मी ती सांगत होतो. तो खेळाडू होता, वाढीच्या वयात होता, गुडघा दुखत होता आणि स्पर्धेसाठी त्यानं तो लपवला. हे सगळं माझ्याच तोंडून निघत होतं आणि समोर बसलेल्या माझ्या मुलांशी मी ते जोडलं नाही.

बायोप्सीत ऑस्टिओसार्कोमाच निघाला. आईनं डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, “सूर मारताना पडला म्हणून झालं का?” हे विचारताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला ते ऐकू आलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मारामुळे हा होत नाही. मार लागतो म्हणून तिकडे लक्ष जातं, एवढंच. हा हाडांचा कॅन्सर सर्वांत जास्त दिसतो तो १० ते २० वयात, हाडं झपाट्यानं वाढत असतात तेव्हा. लांब हाडांच्या टोकाशी जिथं वाढ चाललेली असते तिथं, आणि त्यातही गुडघ्याच्या आसपास सगळ्यात जास्त. मुली लवकर उंच होतात, म्हणून त्यांच्यात तो थोडा लवकर दिसतो. एकूण संख्येत मुलगे जास्त. साठीनंतर पुन्हा एकदा त्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे आईचं ‘वाढतं अंग’ हे निदान अर्धं बरोबर होतं. वाढीचंच वय होतं ते.

पुढचं वर्षभर मी शनिवारी त्या वेटिंग हॉलमध्ये बसत असे, आईला कामाची सुट्टी मिळायची नाही म्हणून. तिथं कोणी कोणाला नाव विचारत नाही. कितवी केमो, कुठून आलात, किती वर्षांचा, असं विचारतात. जालन्याकडचं एक चार वर्षांचं पोर होतं, डोळ्यामागे गाठ, रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंचा कॅन्सर. घरच्यांनी रांजणवाडी समजून महिनाभर शेक दिला होता. हा प्रकार बहुतेक १० वर्षांच्या आतल्या मुलांचा. सतरा वर्षांच्या एका मुलीला युइंग सार्कोमा होता. सूज आणि ताप होता म्हणून हाडात पू झालाय असं समजून अँटिबायोटिक चालू होतं. युइंगही दहा ते वीसमधलाच, तिशीनंतर क्वचित. सातारचा एक २८ वर्षांचा मुलगा डिलिव्हरीचं काम करायचा. पावलावरची गाठ बुटानं आलीय म्हणत त्यानं दोन वर्षं काढली होती. त्याचा सायनोव्हियल सार्कोमा, तरुण वयातला. पन्नाशीचे एक गृहस्थ सायटिका म्हणून मालिश करून घेत होते आणि निघाला कमरेच्या हाडातला कॉन्ड्रोसार्कोमा. तो चाळिशीनंतरचा.

हाड, स्नायू, चरबी अशा भागांतून उठणारा कॅन्सर म्हणजे सार्कोमा. तो मुळात दुर्मीळ. मोठ्या माणसांच्या १०० कॅन्सरमध्ये जेमतेम एक. लहान मुलांमध्ये मात्र शंभरात दहा-पंधरा. त्याचे प्रकार सत्तरच्या वर आहेत आणि जवळजवळ प्रत्येक प्रकाराचं आपलं वय आहे. त्या बाकावर बसून मला एवढं कळलं की प्रत्येक वयाची एक तयार समजूतही असते. लहानपणी रांजणवाडी, शाळेत मुरगळणं, तरुणपणी बूट, पन्नाशीत सायटिका. आजार त्या समजुतीखाली वाढत राहतो. दोष कोणाला द्यायचा? शंभरातल्या नव्याण्णव पोरांचा गुडघा खरंच मुरगळलेलाच असतो.

आधी केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. लाल रंगाचं एक औषध चढायचं, त्याच्या नावानंच पोराला मळमळायला लागायचं. पूर्वी, केमो नव्हती तेव्हा, नुसता पाय कापून पाचातला एक वाचायचा. आता आजार पसरलेला नसेल तर शंभरातली साठ-सत्तर मुलं बरी होतात, आणि पाय बहुतेकदा वाचवता येतो. त्याचा वाचला. हाडाचा तुकडा काढून धातूचा सांधा बसवला. खो-खो मात्र संपला. ते त्याला सांगायचं काम डॉक्टरांनी माझ्यावर टाकलं. त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

२०२२ मध्ये माझी मोठी बहीण, वय ६१, मुलुंडला राहते, रक्षाबंधनाला म्हणाली, “मांडीला चरबीची गाठ झालीय रे. इथले डॉक्टर परवा भूल देऊन तिथल्या तिथं काढतो म्हणालेत.” मी हात लावून पाहिलं. लिंबाहून मोठी, खोलवर, न हलणारी. वर्षभरात वाढली होती. ताई म्हणाली, “अरे, या वयात चरबी सुटायचीच.” मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल किंवा वाढणारी गाठ असेल तर आधी एमआरआय, मग बायोप्सी, आणि तीही जिथं पुढचं ऑपरेशन होणार तिथंच, हे मला परळनं शिकवलं होतं. चुकीच्या ठिकाणाहून सुई गेली किंवा अर्धवट गाठ काढली तर पुढचं ऑपरेशन मोठं होऊन बसतं. ताई माझ्यावर चिडली. सणाच्या दिवशी कॅन्सरचं नाव काढलं म्हणून भावजी दोन दिवस बोलले नाहीत. निघाला लायपोसार्कोमा, चरबीतलाच कॅन्सर. मऊ भागातले सार्कोमा मोठ्यांना होतात ते बहुधा याच वयात, पन्नाशी-साठीत. तिचा हळू वाढणारा होता. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता सहा महिन्यांनी तपासणीला जाते आणि मुलुंडच्या तिच्या भजनी मंडळात सगळ्यांच्या गाठी विचारत फिरते.

आता संघातलं कुणी ‘गुडघा दुखतोय’ म्हणालं की मी वहीत तारीख लिहितो. रात्री झोपेतून उठवतं का, एकाच पायाचं आहे का, बसून असतानाही दुखतं का, विचारतो. तीन आठवड्यांनी तीच तक्रार आली की एक्स-रे. गेल्या महिन्यात सहावीतल्या एका मुलीला असं पाठवलं. तिची आई धुणीभांडी करते. एक दिवस बुडला, रांगेत चार तास गेले आणि एक्स-रेत काही निघालं नाही. ती शाळेच्या गेटवर येऊन मला म्हणाली, “उगाच घाबरवलंत सर.” मी म्हणालो, “हो ताई, घाबरवलं.”

त्या रविवारी संध्याकाळी नरे पार्कला सरावाला टाइमकीपरच्या खुर्चीवर तो बसला होता, आता एकविशीचा, डावा पाय समोर सरळ ताणून. दर रविवारी येतो तसा. त्यानं त्या मुलीला हाक मारली, जवळ बोलावलं, एक्स-रेचं पाकीट तिच्याकडून मागून घेतलं आणि फिल्म मावळत्या उन्हासमोर धरून कितीतरी वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, एकदम क्लीन आहे. हिला पहिल्या तुकडीत घ्या.”