बीएमएमची तीन वर्षे आणि एक चुकलेली निधनवार्ता

२०१३ साली बारावी विज्ञानचा निकाल लागला तेव्हा माझे गुण अभियांत्रिकीला कमी आणि बी.एस्सी.ला पुरेसे होते, आणि मला या दोन्हींपैकी काहीच करायचे नव्हते. शहापूर तालुक्यातील आमच्या गावात वर्तमानपत्र उशिरा पोहोचत असे. एसटीत वाहक असलेले वडील ड्युटीवरून परतताना स्टँडवरून अंक आणत आणि मी तो शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत उलटा वाचत असे. एवढ्याच भांडवलावर मी मुंबई विद्यापीठाच्या बॅचलर ऑफ मास मीडिया, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या बीएमएमसाठी अर्ज केला. ही पदवी मिळाल्यावर पुढे कोणती परीक्षा द्यायची असते, असे आईने विचारले होते, आणि कोणतीच नाही, या माझ्या उत्तराने तिची काळजी कमी होण्याऐवजी वाढली.

या अभ्यासक्रमाला कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांतून बारावी झालेल्यांना प्रवेश मिळत असे. तो विनाअनुदानित असल्यामुळे फी साध्या बी.ए.च्या कितीतरी पट असते, हे मात्र आम्हाला प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावरच कळले. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढले. महाविद्यालय दादरच्या परिसरात होते आणि आसनगाव लोकलने जाण्यायेण्यात रोज साडेतीन तास जात. तीन वर्षांची सहा सत्रे असत. पहिली चार सत्रे सर्वांना समान आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एकाची निवड, अशी रचना होती. पहिल्या दोन वर्षांत समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, विसाव्या शतकाचा इतिहास, भारतीय राज्यव्यवस्था, साहित्य, चित्रपट असे बरेच काही थोडे थोडे शिकवले जात असे. कॅमेरा खांद्यावर घेण्याच्या आशेने आलेल्या अनेकांना ही फसवणूक वाटे. मलाही पहिल्या वर्षी तसेच वाटत होते. पुढे बातमी लिहिताना अर्थसंकल्पातील तुटीचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही, तेव्हा ते मत बदलले.

माझी खरी अडचण भाषेची होती. मराठी माध्यमातून बीएमएम शिकवणारी काही महाविद्यालये तेव्हा होती. माझे इंग्रजी माध्यमाचे होते, आणि माझी शाळा जिल्हा परिषदेची होती. संज्ञापनाचे, म्हणजे कम्युनिकेशनचे, सिद्धान्त शिकवले जात तेव्हा मी शब्द उतरवून घेत असे, अर्थ नव्हे. यातून सुटका एका अगदी साध्या युक्तीने झाली. वहीच्या पानावर मध्यभागी उभी रेघ मारून मी डावीकडे वर्गातील इंग्रजी टिपणे लिहू लागले आणि परतीच्या गाडीत, कल्याणनंतर बसायला जागा मिळाली की, उजवीकडे तेच मराठीत लिहू लागले. जे मराठीत लिहिता येत नसे ते मला समजलेलेच नाही, हे त्यामुळे लगेच उघड होई. अमेरिकन अभ्यासक हॅरॉल्ड लासवेलचे संज्ञापनाबद्दलचे १९४८चे प्रसिद्ध सूत्र ‘कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो’ असे मराठीत उतरवले, तेव्हा लक्षात आले की बातमीदारीतले सहा ककार, म्हणजे काय, कोण, कधी, कुठे, का आणि कसे, हे याच घरातले आहेत. शॅनन आणि वीव्हर यांच्या संज्ञापनाच्या प्रतिमानातील ‘गोंगाट’, म्हणजे संदेशाच्या वाटेत येणारा अडथळा, समजण्यासाठी तर मला लोकलच्या डब्याबाहेर पाहण्याचीही गरज नव्हती.

चौथ्या सत्रात पत्रकारितेची ओळख करून देणारा विषय होता. तो शिकवणारे सर पूर्वी एका दैनिकात उपसंपादक होते आणि आमच्या सरावाच्या बातम्या ते लाल शाईने तपासत. माझ्या कॉपीवर त्यांचा एकच शेरा पुन्हा पुन्हा येई, ‘हे कोणी सांगितले?’ मी लिहिलेल्या ‘नागरिकांमध्ये तीव्र नाराजी आहे’ या वाक्याखाली तो होता, ‘अनेक वर्षांपासून’ याखालीही होता. माझी समजूत अशी होती की हा त्यांचा खाक्या आहे आणि मराठी वर्तमानपत्रांत असेच लिहिले जाते. समजूत अगदीच चुकीची नव्हती, पण ती माझ्या उपयोगाची नव्हती, हे दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत कळले.

२०१५च्या मे महिन्यात मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून जाऊ लागले. प्रशिक्षणार्थीच्या वाट्याला जे येते तेच माझ्या वाट्याला आले: संस्थांकडून आलेल्या प्रेसनोट निम्म्यावर आणणे, ‘आजचे कार्यक्रम’ ही चौकट भरणे आणि निधनवार्ता लिहिणे. निधनवार्तेचा साचा ठरलेला असतो. नाव, वय, कोणत्या गावचे, अल्पशा आजाराने की हृदयविकाराने, आणि शेवटी ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ दोन दिवसांत हात बसतो आणि हात बसला की डोके बाजूला होते. एका संध्याकाळी पान सोडण्याच्या घाईत मी एका निवृत्त शिक्षकांची निधनवार्ता फोनवरून घेतली. पलीकडून बोलणारे गृहस्थ शेजारी होते की नातेवाईक, हे मी विचारले नाही. ते म्हणाले तसे मी ‘पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे’ असे लिहिले, आणि आठ ओळींची ती बातमी सिंगल कॉलममध्ये लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन आला आणि तो मीच उचलला. बोलणाऱ्या बाई त्या शिक्षकांच्या कन्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्यांनी एवढेच सांगितले की वडिलांच्या शेवटच्या दीड वर्षात त्यांच्याजवळ त्याच राहत होत्या, गावात घरोघरी हा पेपर जातो, आणि सकाळपासून लोक त्यांना वेगळ्या नजरेने बघत आहेत. ‘माझं नाव छापलं नाही त्याचं काही नाही, पण मुलगी आहे एवढं तरी लिहायचं होतं,’ असे त्या म्हणाल्या. मी दिलगिरी व्यक्त केली, दुरुस्तीची दोन ओळींची चौकट दुसऱ्या दिवशी लावण्यात आली, आणि वरिष्ठांनी मला एक शब्दही सुनावला नाही. मी मात्र त्या रात्री गाडीत सरांचा लाल शेरा आठवत बसले होते. हे कोणी सांगितले? मला खरोखरच माहीत नव्हते.

तिसऱ्या वर्षी मी पत्रकारिता निवडली. वर्गातील बहुतेकांनी जाहिरातीची वाट धरली होती आणि आम्ही पत्रकारितेचे जेमतेम अठरा जण उरलो होतो, त्यामुळे शिकवणे अधिक मोकळे झाले. बातमीदारी, संपादन, वैचारिक व ललित लेखन, प्रादेशिक पत्रकारिता असे विषय होते. प्रादेशिक पत्रकारितेच्या पहिल्याच तासाला बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चे छायाचित्र पडद्यावर आले आणि मला हसू फुटले. ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झालेल्या त्या पत्रात उभे दोन स्तंभ होते, एकात इंग्रजी मजकूर आणि दुसऱ्यात मराठी. माझ्या वहीचे पान तसेच दिसत होते. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले. माझी वही पदवीपर्यंत टिकली.

पाचव्या सत्रात प्रत्येकाला स्वतःचे वर्तमानपत्र तयार करून सादर करावे लागे. बातम्या, लेख, छायाचित्रे, मांडणी, सगळे स्वतः करायचे आणि बाहेरच्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा द्यायची. माझा मुख्य विषय आधीच ठरलेला होता. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील वाड्यापाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हे वाक्य इतक्यांदा लिहिले गेले आहे की त्यात बातमी उरलेली नाही, असे सर म्हणाले. टँकर येतो म्हणजे किती वेळा येतो आणि ते कोण मोजते, एवढेच शोध, असे त्यांनी सुचवले.

मी माहिती अधिकाराखाली अर्ज केला. महाराष्ट्रात या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा लागतो, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. तीन वर्षांत संपादनाचा याहून चांगला धडा मला कोणी दिला नसेल. तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आले की माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. माझ्या मनात बातमीचे शीर्षक लगेच तयार झाले होते, ‘टँकरचा हिशेबच नाही’. सरांनी कायद्याची प्रत पुढे ठेवली आणि दाखवले की कागदपत्रे पाहण्याचा अधिकारही त्याच कायद्यात आहे, संकलन नसेल तर मूळ नोंदवह्या बघ. दुसरा अर्ज, पुन्हा दहा रुपये, आणि प्रत पानाला दोन रुपये.

नोंदवहीत प्रत्येक फेरीची तारीख, वेळ आणि ती मिळाल्याची सही होती. एका पाड्याच्या सलग अकरा दिवसांच्या सह्या एकाच शाईच्या, एकाच हाताच्या आणि एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसत होत्या. निधनवार्तेचा प्रसंग घडला नसता तर मी तेथेच ‘घोटाळा’ हा शब्द लिहून मोकळी झाले असते. मी पाड्यावर गेले. सह्या करणाऱ्या बाईंनी सांगितले की टँकर पहाटे किंवा रात्री कधीही येतो, त्या वेळी वही टँकरवाल्याकडे नसते, मग ग्रामसेवक वही घेऊन आले की त्या आठवून सह्या करतात. फेऱ्या झाल्या होत्या. अकरापैकी नऊ दिवस नक्की, दोन दिवसांबद्दल त्यांना खात्री नव्हती. ग्रामसेवकांनीही हेच सांगितले, आपले नाव न छापण्याच्या बोलीवर. म्हणजे चोरी झाली असे म्हणता येत नव्हते आणि झाली नाही असेही त्या वहीवरून म्हणता येत नव्हते. बातमी तीच होती, आणि ती लिहायला ‘घोटाळा’ लिहिण्यापेक्षा चौपट वेळ लागला.

मांडणीच्या वेळी आणखी एक त्रास झाला, त्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण मराठीत पान लावणाऱ्या प्रत्येकाला तो होतो. माझा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंचात, टंकलेला होता आणि संगणक कक्षातील पान लावण्याच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरे फुटत होती. मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलून घेतला तर ‘ऱ्या’मधला अर्धा र शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे. ‘फेऱ्या’ हा शब्द माझ्या मुख्य बातमीत सत्तावीस वेळा होता आणि सत्तावीस वेळा हाताने दुरुस्त करावा लागला.

सहाव्या सत्रात वृत्तपत्रविषयक कायद्यांचा पेपर होता आणि तो मला सर्वांत आवडला. सरकारने १९५६च्या कायद्याखाली १९६० साली आदेश काढून किमतीनुसार वर्तमानपत्राने किती पाने द्यावीत हे ठरवले, आणि पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देऊन तो कायदा रद्द करवून घेतला, हे मी तेव्हा प्रथम वाचले. पालघरच्या दोन मुलींना २०१२ साली फेसबुकवरील मजकुरावरून झालेली अटक, त्यातून निघालेली याचिका आणि मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द होणे, हेही त्यात होते; ती अटक तर तेव्हाच्या आमच्याच ठाणे जिल्ह्यात झालेली. वर्गात कलमे पाठ करण्याची पद्धत होती. मी ती खटल्यांच्या गोष्टींसारखी वाचली आणि बहुतेक त्यामुळेच लक्षात राहिली.

तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी माझा अंक चाळला, टँकरच्या बातमीवर थांबले आणि दोन दिवसांबद्दल खात्री नाही हे छापण्याची काय गरज होती, बातमी त्याने कमकुवत होत नाही का, असे विचारले. मी नोंदवहीच्या झेरॉक्स पुढे ठेवल्या आणि त्या बाईंना खात्री नव्हती म्हणून मलाही नाही, असे सांगितले. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की कंटाळ्याची, ते कळले नाही. त्या विषयात मला शंभरपैकी ७१ गुण मिळाले. अंकाच्या पाच प्रती काढल्या होत्या, त्यातील एक मी पाड्यावर नेऊन दिली. बाईंनी आपले नाव कुठे आहे ते बोट ठेवून शोधले आणि मग नातवाला ती बातमी मोठ्याने वाचायला लावली.